साडूंची अकरा घरं

उद्या सूर्य उगवताना बघायला म्हणून सगळं कोल्हापूर पूर्वेला तोंड करून उभं राहिलं, तरी आमचे साडू तेवढे पाठ फिरवून समोरच्या भिंतीवर ऊन कुठवर उतरलं ते बघत असतील, ह्यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. मुद्द्याच्या गोष्टीकडं बघायचं नाही असं काही त्यांनी ठरवलेलं नाही. त्यांचं लक्षच तिकडं जात नाही. फुटबॉलच्या मॅचला अख्खी शिवाजी पेठ चेंडूमागं मान फिरवत असते आणि हे गृहस्थ चेंडूपासून पाऊण मैदान लांब उभ्या असलेल्या एका बचावपटूकडं टक लावून बसलेले असतात. एकदा आमच्या बाजूनं गोल झाला, माणसं एकमेकांच्या अंगावर पडली, आणि मी धापा टाकत विचारलं, "कुणी मारला वो?" तर म्हणाले, "ते काय म्हाईत न्हाय. पण ह्यो मागचा गडी सतरा डाव पळून आला बघा. एकदाबी कुणी बॉल दिला न्हाय त्येला." मॅच संपल्यावर त्या गड्याला गाठून त्यांनी चहा पाजला. त्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं कौतुक नक्की कशाबद्दल चाललंय.

लग्नाहून आले की आमच्या घरातल्या बायका मोठ्या आशेनं त्यांना विचारतात, नवरी कशी होती. नवरी त्यांनी पाहिलेली नसते. "तिच्या मागं एक करवली हुती," असं ते सांगतात, "तासभर पदर धरून हुबी हुती. पाय बदलत हुती सारखी. कुणी बस म्हटलं न्हाय." तालमीत कुस्ती बघायला गेले तर ते माती उकरणाऱ्याकडं बघतात. गाण्याच्या बैठकीला गेले तर गवई सोडून मागं तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीकडं. गवयानं जीव तोडून तान घ्यावी, सभेनं वाहवा करावी, आणि आमच्या साडूंनी शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणावं, "तिचा हात दुखाय लागलाय." हे खरंही असतं, म्हणून जास्त राग येतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला पावणं म्हणतात. माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एका पेठेत चार गल्ल्यांच्या अंतरावर आम्ही राहतो, आठवड्यातून तीनदा मी त्यांच्याकडं जेवतो, तरी पावणंच. नोकरी त्यांची वारणानगरला, दुधाच्या कारखान्यात बॉयलरवर गेली. कारखाना बघायला आलेली माणसं दुधाच्या चकचकीत टाक्या बघून, श्रीखंड खाऊन जायची. बॉयलरकडं कोणी फिरकायचं नाही. दाजींना ती जागा फार आवडायची. "वर काय बी चालू दे, वाफ खालनंच जातीया," असं ते म्हणत, आणि ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे ते मी अजून कुठल्याही साहेबाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

ह्या सगळ्याचं मूळ मला पुष्कळ वर्षांनी समजलं. दाजींचे वडील साखर कारखान्यात फिटर होते आणि लहानपणी तिथल्या शाळेत दाजींच्या हातात व्हायोलिन आलं. शिकवणाऱ्या सरांनी पोरांना उंचीप्रमाणे उभं केलं. दाजी वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून मागच्या रांगेत गेले. पुढच्या रांगेला पहिलं व्हायोलिन आणि मागच्या रांगेला दुसरं. पहिल्याकडं चाल असते, आणि दुसऱ्याकडं त्या चालीच्या खालून चालणारी दुसरीच एक ओळ. बस्स, एवढंच झालं. त्या दिवशी ते चार बोटं बुटके असते तर आमच्या घराला एक सरळ माणूस मिळाला असता. दाजींनी ती मागची रांग जी धरली ती आजतागायत सोडलेली नाही. सिनेमाचं गाणं ते गुणगुणतात तेव्हा त्यातली चाल ते गुणगुणतच नाहीत, चालीच्या मागं जी व्हायोलिनं वाजतात ती गुणगुणतात. त्यामुळं ते आनंदात असले की घरातल्या कुणालाच गाणं ओळखता येत नाही. गणपतीच्या आरतीला ते मन लावून खालची ओळ म्हणतात, आणि त्यांच्या डाव्या-उजव्या अंगाची दहा-दहा माणसं चालीवरून घसरून त्यांच्या मागं जातात. शेवटी मंडळाच्या पोरांनी हात जोडून त्यांना प्रसादाच्या पातेल्यापाशी उभं केलं. तिथूनही ते म्हणतातच, पण अंतर असल्यानं आरती पार पडते.

अशा माणसाच्या हाती जगात एखादी गोष्ट अर्धीच लागायची असेल तर ती कुठली अर्धी लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको. वीस-बावीस वर्षांपूर्वी दाजी वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन रद्दीच्या दुकानात गेले आणि येताना दोन लांबट, जाड कागदाच्या वह्या घेऊन आले. कोणा साहेबाच्या ट्रंकेतून आल्या, की कुठल्या बँडमास्तराच्या घरातून, कुणाला माहीत. वरची पानं फाटलेली होती, त्यामुळं नाव नाही, गाव नाही. आत पाच रेघांवरचं विलायती लिखाण छापलेलं. दाजींना ते सरांनी शिकवलेलं होतं. ते रद्दीवाल्याच्या ओट्यावर बसूनच वाचायला लागले आणि तिथंच त्यांना समजलं की हा एक सोनाटा आहे. तीनशे वर्षांपूर्वी तिकडची माणसं दिवाणखान्यात बसून आपापसांत असलं संगीत वाजवायची. वर दोन व्हायोलिनं, आणि खाली एक सलग चाललेला खर्ज, जो एकानं मोठ्या तंतुवाद्यावर ओढायचा आणि दुसऱ्यानं पेटीसारख्या वाद्यावर भरायचा. प्रत्येकाची वही वेगळी. दाजींना मिळालेल्या दोन वह्यांपैकी एक होती दुसऱ्या व्हायोलिनची आणि एक खर्जाची. पहिल्या व्हायोलिनची वही नव्हती. म्हणजे चालच नव्हती.

दुसरा कुणी असता तर त्यानं कपाळाला हात लावला असता. दाजी घरी आले आणि माझ्या मेहुणीला, म्हणजे आक्कांना म्हणाले, "खालचं समदं हाय. वरचं तेवढं काढायचं." जणू हौदात पाणी आहे आणि नळ तेवढा बसवायचाय. त्या दिवसापासून ते दुसऱ्या व्हायोलिनची ओळ रोज वाजवायला लागले आणि तिच्या वरून काय जात असेल ह्याचा विचार करायला लागले. सोनाट्याचे भाग चार. पहिला संथ, दुसरा पळणारा, तिसरा परत संथ, आणि चौथा उड्या मारत संपणारा. बाकी भागांत त्यांना वरची ओळ अंदाजानं थोडीफार सुचायची. पण तिसऱ्या भागात मध्यावर अकरा घरं होती. उभ्या रेघांनी पाडलेल्या एकेका खणाला दाजी घर म्हणतात. त्या अकरा घरांत दुसऱ्या व्हायोलिनची ओळ अशी काही वळायची की चालता माणूस जागीच थांबावा. आणि दाजींचं म्हणणं, दुसऱ्याला इथं एवढं दिलंय, तर पहिल्याला काय दिलं असेल. त्या अकरा घरांवरून काय वाजत होतं, हे कळल्याशिवाय आपण मरायचं नाही, असं त्यांनी एकदा जेवताना सहज सांगितलं. आक्कांनी त्यांना आणखी भात वाढला.

मी ह्यात कसा सापडलो तेही सांगतो. मी शाळेत भूगोल शिकवत होतो आणि गुरुवारच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. पेटी मी बरी वाजवतो असं लोक म्हणतात, आणि ते म्हणण्याची वेळ त्यांच्यावर यावी म्हणून दोन ओळींच्या मधल्या जागेत मी चार सुरावटी जास्तच घालतो. तर दाजींनी खर्जाची वही माझ्यासाठी सारेगममध्ये उतरवून आणली. मूळ छापलेल्या वहीत सुरांच्या खाली बारीक आकडे होते. कुठं सहा, कुठं सात, कुठं चाराखाली तीन. ते कशाचे हे दाजींना ठाऊक नव्हतं, कारण शाळेत असले आकडे कधी आले नव्हते. पण छापलंय म्हणजे काहीतरी असणार म्हणून त्यांनी ते जसेच्या तसे ठेवले. मला मात्र ते बघताक्षणी समजले. आमच्या भजनात प्रत्येक गाणाऱ्याची पट्टी ठरलेली असते, पेटीवरच्या पट्ट्यांच्या नंबरावरून. कुणी पांढरी चार, कुणी काळी पाच. गायला बसला की माणूस आधी आकडा सांगतो आणि आम्ही तिथं सा धरतो. तेव्हा सहा म्हणजे पांढरी सहा, ह्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. मी प्रत्येक आकड्याला सा उचलून नव्या पट्टीवर नेत चार ओळी वाजवल्या. घामाघूम झालो. दाजी डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पावणं, ह्येच्यात गाणारी किती हायत?"

आकड्यांचा खरा अर्थ पुढं माझ्या थोरल्या मुलीनं सांगितला. ती बंगळूरला नोकरी करते आणि तिथं एका गाणाऱ्या गटात जाते. खालच्या सुरापासून वर मोजत सहावा सूर दाबायचा, एवढाच त्या सहाचा अर्थ. बाकी तो कसा भरायचा, किती भरायचा, ते वाजवणाऱ्यानं ठरवायचं. भाजी कुठली ते सांगितलंय, मीठमसाला आपल्या हातानं. हे ऐकून मला स्फुरण चढलं आणि मी आमच्या भजनातल्या सगळ्या करामती त्या खर्जावर ओतल्या. दाजींनी गज खाली ठेवला. "पावणं," ते म्हणाले, "तुमी वाढाय बसलाय, जेवाय न्हाय." मला राग आला. पुढचे दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्या रविवारी आक्कांनी तांबडा-पांढरा रस्सा केल्याचा निरोप धाडला, आणि तत्त्वासाठी माणसानं किती ताणायचं ह्यालाही मर्यादा असते.

दुसरी अडचण पेटीचीच. आपल्या पेटीला एक हात भात्याला लागतो, त्यामुळं वाजवायला एकच हात उरतो. इथं डाव्यानं खर्ज आणि उजव्यानं भरणा, असे दोन हात पाहिजेत. दाजींनी चार दिवस विचार केला आणि आक्कांना पेटीच्या पलीकडं बसवलं. आक्कांनी आयुष्यात कुठलं वाद्य हातात धरलेलं नाही. पण भाता त्यांनी असा धरला की सूर एकदाही दबला नाही. डाव्या हातानं भाता आणि उजव्या हातानं मांडीवरच्या ताटातल्या घेवड्याच्या शेंगा मोडणं, असं त्यांचं दोन्ही चालायचं. वेग वाढला की शेंगाही भराभर मोडायच्या. अशी आमची बैठक दर रविवारी सकाळी, दाजींच्या माडीवर. एक व्हायोलिन, एक पेटी, एक भाता, आणि वर कोणीच नाही. खालून जाणारी माणसं विचारायची, "गाणं कवा सुरू हुणार?"

अकरा घरांबद्दल दाजींचे अंदाज दर सहा महिन्यांनी बदलायचे. एका उन्हाळ्यात त्यांची खात्री होती की पहिलं व्हायोलिन तिथं एकच सूर लांब धरून बसतं. त्या दिवाळीत त्यांना वाटायला लागलं की नाही, ते भांडतं. मग एक वर्ष ते म्हणत होते की पहिलं तिथं अगदी वरच्या पट्टीत जातं, इतकं वर, की खालच्याला त्याच्याकडं बघायला मान वर करावी लागते. प्रत्येक अंदाजासरशी ते आपली ओळ वेगळी वाजवायचे. पण एक गोष्ट बदलायची नाही. ती अकरा घरं आली की दाजी दबकत वाजवायचे, इतकं हळू की शेंग मोडल्याचा आवाज मोठा वाटावा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वरच्याला जागा नको व्हय?"

मुलीनं एकदा फोनमधल्या त्या सोयीला ऐकवून बघितलं, जी दोन सूर ऐकून गाणं ओळखते. फोननं विचार करून सांगितलं की ही एका टूथपेस्टची जाहिरात आहे. दाजींनी ते अगदी गंभीरपणे घेतलं आणि आठवडाभर टीव्हीसमोर बसून टूथपेस्टच्या जाहिराती ऐकल्या. मग त्यांनी आमच्या ओळखीतल्या एका चाचांना बोलावलं. चाचा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवतात. हात असा गोड की रिसेप्शनला माणसं जेवण सोडून स्टेजपाशी येतात. त्यांना लिखाण वाचता येत नाही पण कान तयार. दाजींनी आपली ओळ वाजवली, आणि अकरा घरांत चाचांनी वरून अशी काही सुरावट सोडली की मी खर्ज धरायचा विसरलो. आक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. दाजींनी मान हलवली. "लई भारी. पण ह्ये न्हवं." चाचांनी चार वेळा चार तऱ्हांनी वाजवलं. चारी वेळा तेच. शेवटी चाचा म्हणाले, "दाजी, बुरा मानू नका, पण हितं मला घुसाय जागाच सापडंना. तुमचंच वाजतंय की." दाजींनी चहा मागवला. ते बोलणं त्यांनी नम्रपणा म्हणून सोडून दिलं आणि मीही तेच समजलो.

गेल्या वर्षी मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिनं दोन्ही वह्यांच्या सुरुवातीच्या एकेका पानाचे फोटो काढले आणि जगभरातली असल्या जुन्या संगीतात रमणारी माणसं जिथं बोलतात अशा एका ठिकाणी टाकले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तिकडच्या एका लहान गावातल्या ग्रंथालयातल्या बाईंचं. त्यांच्याकडं ह्या सोनाट्याची एकच वही होती, पहिल्या व्हायोलिनची. बाकीच्या केव्हाच हरवलेल्या. कुणी लिहिलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी आपली वही पानोपान पाठवली होती, आणि पत्राखाली विनंती केली होती की तुमच्या वह्यांची बाकीची पानं मिळतील का, आणि जमलं तर चौघांनी वाजवून ते ध्वनिमुद्रण पाठवाल का. मी ती पानं झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली. दुकानात उभ्यानं ती बघायचा मोह झाला, पण ह्यावर पहिला हक्क आपला नाही एवढं मला कळत होतं. पाकीट बंद करून मी पळतच दाजींच्या माडीवर गेलो.

दाजींनी पाकीट घेतलं, हातात वजन केल्यासारखं धरलं, आणि देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवलं. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. आम्ही नेहमीसारखं वाजवलं, वरची जागा नेहमीसारखी रिकामी, आणि ती भरायचं पाकीट सहा फुटांवर. तिसऱ्या रविवारी मला राहवलं नाही. "दाजी, वीस वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते घरात आलंय, आणि तुम्ही बघत नाही?"

त्यांनी व्हायोलिनची खुंटी पिळून तार लावली. मग म्हणाले, "पावणं, आत्ता त्या अकरा घरांवर पन्नास चाली हायत. समद्या माज्या हायत. ते उघडलं की एकच ऱ्हाणार."

मला त्यांचं पटलं. ह्या माणसाचं सगळं आयुष्य त्या न दिसणाऱ्या सोबत्याला जागा करून देण्यात गेलं होतं, आणि तो सोबती त्यांच्या मनातल्यापेक्षा लहान निघाला तर त्यांनी काय करायचं. बोलल्या त्या आक्का. "आन् ती बाई तिकडं बसलीया न्हवं वाट बघत? तिच्याजवळ वरचं हाय, खालचं न्हाय. तिनं किती वर्सं बसायचं?" दाजी दुसऱ्याच्या दुखणाऱ्या हाताकडं बघणारे. हे त्यांना लागलं. उठले आणि पाकीट काढून आणलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या भागावर बोट ठेवून वाचायला लागले, ओठांनी पुटपुटत. मधेच थांबून म्हणायचे, "बराबर हाय." पुन्हा थोड्या वेळानं, "ह्येबी बराबर." दुसऱ्या भागात एका जागी ते मोठ्यानं हसले. "च्यायला, हितं त्यो माज्याच मागनं पळतोय, मी समजलो म्या त्येच्या मागं हाय." त्यांच्या अंदाजातलं निम्म्याहून जास्त खरं निघालं होतं, आणि तो आनंद बघून मला वाटलं, आपण उगाच भ्यालो. मग तिसरा भाग आला. बोट हळूहळू सरकत मध्यावर आलं आणि थांबलं. मी वाकून बघितलं. रेघांवर सूर नव्हतेच. थोड्या जाड काळ्या खुणा आणि वर एक आकडा, अकरा. मला आकड्यांचा आता जरा धसका बसलेला आहे, म्हणून मी जपून विचारलं, "हे काय दाबायचं?"

"काय न्हाय," दाजी म्हणाले. "गप बसायचं. अकरा घरं त्येनं गप बसायचं."

आक्कांना समजलं नाही, म्हणून त्यांनी विचारलं, मग तिथं वाजतं ते काय. दाजींनी आपली दुसऱ्या व्हायोलिनची वही ओढून घेतली आणि त्या अकरा घरांवर तळहात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे हितं म्या एकलाच हुतो व्हय." त्या ग्रंथालयातल्या बाईंच्या वहीत तिथं कोरी जागा, आणि तिथं काय घडत असेल ह्याचा विचार त्या तिकडं करत असणार. इकडं हा माणूस तीच जागा हातात घेऊन बसलेला, रोज वाजवत, आणि रोज दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत. मला त्यांचा हात धरावासा वाटला. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी पेटीची धूळ पुसली.

ध्वनिमुद्रणासाठी चाचांना पुन्हा बोलावलं. दाजींनी पहिल्या व्हायोलिनची अख्खी वही त्यांना वाजवून वाजवून शिकवली, दीड महिना लागला. चाचा काहीही विसरत नाहीत. त्या रविवारी खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, फोन उभा केला आणि आक्कांना शेंगा आणू नका म्हणून सांगितलं. पहिल्यांदाच त्या खर्जाच्या वर दोन व्हायोलिनं एकदम निघाली. आपण इतकी वर्षं पाया बांधत होतो त्यावर भिंती दिसायला लागल्यावर कसं वाटतं ते मी पेटीवर बसून अनुभवलं, आणि खरं सांगतो, एकही सुरावट जास्तीची घालावीशी वाटली नाही. तिसऱ्या भागात मध्य आला. दाजींनी शिकवल्याप्रमाणे चाचांनी व्हायोलिन खाली घेऊन मांडीवर ठेवलं आणि दाजींकडं तोंड करून बसले. मीही त्यांच्याकडं बघत होतो. माडीवर चारच माणसं, त्यातल्या तिघांची नजर त्यांच्यावर, आणि खर्जाच्या वर वाजवायला फक्त तेच. दाजी दबकत वाजवायला लागले. नेहमीसारखंच. अंग चोरून, वर कुणीतरी आहे असं समजून. एक घर गेलं, दोन गेली, तीन गेली. चौथ्या घरात आक्का भाता न थांबवता हळूच म्हणाल्या, "जरा मोठ्यानं वाजवा की. तितं कुणी न्हाय."

दाजींनी मान डोलावली. पण आवाज काही वाढला नाही.

आम्ही तेच पाठवलं, आक्कांच्या बोलण्यासकट. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाजवून बघितलं होतं, तरी दाजींचा गज तिथं वर येईना. मोठ्यानं वाजवायला गेले की सूर कापायचा. पुन्हा मग खाली. एवढ्या वर्षांची सवय एका कागदानं मोडत नसते, आणि मोडावी असं तरी आता मला कुठं वाटतंय. रविवारची बैठक अजून चालू आहे. चाचा लग्नसराई नसेल तेव्हा येतात. ती अकरा घरं जवळ आली की मी उजवा हात पेटीवरून उचलून घेतो आणि एका बोटानं नुसता खर्ज धरतो, आक्का भाता निम्मा मारतात, आणि चाचा श्वाससुद्धा जपून घेतात. दाजी वर येत नाहीत, म्हणून आम्ही सगळे खाली जातो. मग ऐकू येतात ते.